ग्राफीन बायोसेन्सरचं स्टार्टर किट: खेड्यातल्या कॉलेजनं घ्यावं का?

बायोसेन्सर म्हणजे रक्तासारख्या नमुन्यातला एखादा ठराविक पदार्थ ओळखून त्याचा विजेचा सिग्नल करणारं साधन, अन् ग्राफीन म्हणजे कार्बनचा अतिपातळ थर. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी निकाल पहिलेच सांगून टाकतो. पोरांना शिकवायला घेत असाल तर बिनधास्त घ्या, पैसे वसूल होतात. गावात आरोग्य शिबिर लावून लोकांचं रक्त तपासायला घ्यायचा विचार असेल तर अजिबात घेऊ नका, विकणारा मग काहीही सांगो. असं काहून म्हणतो ते खाली सविस्तर लिहिलं आहे, जरा लांबलं आहे पण या विषयावर मराठीत धड काही सापडत नाही म्हणून लांबू दिलं.

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा-वणी पट्ट्यातलं. बीएस्सीचे पोट्टे-पोट्ट्या आजूबाजूच्या गावांतून एसटीनं येणारे, घरी कापूस, तूर, सोयाबीन. लॅबमध्ये पीएच मीटर, कलरीमीटर, एक जुना सेंट्रिफ्यूज अन् फ्रिज. बायोसेन्सर सिलॅबसमध्ये आहे पण आतापर्यंत फळ्यावर आकृती काढायची, तीन बाण दाखवायचे अन् पुढच्या टॉपिकवर जायचं एवढंच व्हायचं. टेबलावर ठेवायचा चांगला पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) लाखांत जातो, तो आपल्या बजेटात बसत नाही. हे किट चाळीस हजारांच्या आत बसलं, त्यात अर्ध्याहून जास्त पैसे यंत्राचेच, म्हणून विभागात सगळ्यांनी मिळून ठरवलं अन् ऑर्डर टाकली.

डब्यात येतं काय तर एक काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र, ते केबलनं मोबाईलला लागतं, त्याचं एक अ‍ॅप, अन् ग्राफीनवाल्या पट्ट्यांचं पाकीट. अँटीबॉडी (ठराविक रेणूलाच धरून ठेवणारं प्रोटीन) वेगळी घ्यावी लागते. पट्टी नीट पाहण्यासारखी आहे. एका टोकाला मधोमध चारेक मिलिमीटरचा काळा गोल ठिपका, तो वर्किंग इलेक्ट्रोड (मोजणी इथं होते), त्याच्यावर ग्राफीनची शाई. त्याच्या भोवती अर्धगोल काळी रेघ, तो काउंटर (करंटची वाट पूर्ण करणारा). बाजूला चांदीच्या शाईचा बारीक तुकडा, तो रेफरन्स (व्होल्टेज याच्या तुलनेत मोजतात). वरून पन्नास मायक्रोलिटरचा एकच थेंब सोडायचा अन् तो थेंब असा बसला पाहिजे की तिन्ही झाकले गेले पाहिजेत पण वरच्या कनेक्टरपर्यंत ओघळला नाही पाहिजे. थेंबाखाली बुडबुडा अडकला की ग्राफ वाकडा येतो. पट्टी उजेडात तिरपी धरली की बुडबुडा दिसतो, पोरांना हे पहिल्याच तासाला दाखवा.

तत्त्व ग्लुकोमीटरचंच आहे, अन् ग्लुकोमीटर आता आपल्याकडं घरोघरी झाला. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क अन् चॅम्प लायन्स यांनी इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज एन्झाइम बसवायची कल्पना मांडली, त्याच्यातूनच पुढं या पट्ट्या निघाल्या. फरक फक्त मात्रेचा आहे अन् तो फरक प्रचंड आहे. रक्तातली शुगर १०० म्हणजे जवळपास साडेपाच मिलिमोलर (मोलर म्हणजे द्रावणात रेणू किती ते मोजायचं एकक), हे तर पदार्थ म्हणून भरपूरच झालं. ज्या बायोमार्करसाठी (आजाराची खूण दाखवणाऱ्या रेणूंसाठी) ग्राफीनचं एवढं नाव घेतलं जातं ते फेम्टोमोलरमध्ये मोजायची गोष्ट करतात, म्हणजे शुगरपेक्षा एक लाख कोटी पट कमी! हा आकडा फळ्यावर शून्यांसकट लिहिला तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला होता.

ग्राफीनच काहून, हेही पोरं विचारतात. २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम अन् कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून-काढून कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा थर वेगळा केला, २०१० ला त्यांना नोबेल मिळालं. हा थर एवढा पातळ की त्यातला प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो, आत लपलेलं काही नसतंच, त्याच्यामुळं वर एखादा चार्ज असलेला रेणू येऊन बसला की सगळ्या थराच्या विजेवर परिणाम होतो. संवेदनशीलता येते ती इथून. पण एक लक्षात ठेवा, ज्या संशोधनाच्या बातम्या येतात त्यातली बरीचशी ग्राफीनच्या ट्रान्झिस्टरवर (वर रेणू बसला की ग्राफीनमधून वाहणारा करंट बदलतो असा सेन्सर) आहेत, तांब्याच्या फॉइलवर वाढवलेला एकच थर चिपवर उचलून ठेवतात तशी. आपल्या किटमधली पट्टी तशी नाही, ही शाई छापलेली आहे. दोन्हीला ग्राफीनच म्हणतात अन् इथंच ग्राहकाची गल्लत होते.

आम्ही एक पट्टी नागपूरला ओळखीच्या लॅबमध्ये रामन स्पेक्ट्रम (लेझरचा विखुरलेला प्रकाश पाहून पदार्थाची रचना ओळखायची पद्धत) काढायला पाठवली. खऱ्या एकेरी थरात २७०० च्या आसपासचं शिखर, ज्याला टूडी म्हणतात, ते १५८० च्या जी शिखराच्या दुपटीहून उंच अन् सुईसारखं अरुंद येतं. आमच्या पट्टीचं टूडी बुटकं अन् पसरट, शिवाय १३५० चं डी शिखर चांगलंच वर, म्हणजे बरेच थर अन् भरपूर दोष असलेला कार्बन. हे फक्त आमच्याच पट्टीचं नाही. २०१८ मध्ये सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी जगभरातल्या ६० कंपन्यांचं ग्राफीन तपासलं होतं अन् बहुतेक नमुन्यांत खरं ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी निघालं, पन्नासच्या वर तर एकही नाही. आता इलेक्ट्रोकेमिस्ट्रीला दोष असलेल्या कडा उपयोगी पडतात, त्याच्यामुळं पट्टी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही, काम ती चांगलं करते. पण पाकिटावर शुद्ध एकेरी थर असल्यासारखं लिहायचं अन् पैसे तसे घ्यायचे, हे बरोबर नाही.

आता प्रत्यक्ष वापरायचं. सुरुवात सगळ्यांनी पोटॅशियम फेरी-फेरोसायनाइडनंच (इलेक्ट्रॉन सहज देणारं-घेणारं द्रव्य) करा, पाच मिलिमोलर, सोबत ०.१ मोलर केसीएल. व्होल्टेज वर-खाली करताना मोबाईलवर करंटची ती बदकासारखी आकृती वर-खाली उमटते ना, ती स्वतःच्या हातानं टाकलेल्या थेंबातून येताना पाहून पोरं अक्षरशः खूश होतात. आमच्या एका पोट्टीनं तर गावी जाऊन आईला दाखवायला स्क्रीनशॉट काढून घेतला. दोन शिखरांतलं अंतर पुस्तकात ५९ मिलिव्होल्ट लिहिलेलं असतं, इथं शंभरच्या वरच येतं, अन् ते काहून येतं यावर एक अख्खा तास चांगला जातो.

एप्रिल-मेची गोष्ट वेगळीच आहे, आपल्या भागात किट घेणाऱ्यानं हे वाचाच. पुस्तकातलं ५९ हे २५ अंशाला आहे, ४५ ला ते ६३ होतं, ते एक वेळ ठीक. पण रेणूंचा वेगही वाढतो अन् शिखराचा करंट अंशामागं टक्काभर तरी वर सरकतो, म्हणजे सकाळी आठला घेतलेलं रीडिंग अन् दुपारी दोनला घेतलेलं रीडिंग यात पंधरा-वीस टक्क्यांचा फरक नुसत्या उन्हाचाच पडतो, नमुना तोच असला तरी. बरं, म्हणून पंखा लावावा तर थेंब सुकतो अन् हवेनं हालतो. "सर, पंखा लावला का ग्राफ हालून रायला जी," हे आमच्या मागच्या बाकावरच्या पोट्ट्याच्या लक्षात सगळ्यांच्या आधी आलं. मग आम्ही थर्माकोलच्या डब्याला वरून भोक पाडून पट्टी आत ठेवायला लागलो, सोबत थर्मामीटर, अन् प्रत्येक रीडिंगसमोर तापमान लिहायची सक्ती. मोबाईल चार्जरला लावलेला असला की ग्राफवर बारीक केस आल्यासारखी थरथर येते, चार्जर काढला की रेघ स्वच्छ. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं, लिहायला पाहिजे होतं.

पावसाळ्यात पट्ट्यांचं पाकीट एकदा उघडलं की चांदीचा तुकडा हळूहळू काळा पडतो अन् रेफरन्स सरकतो. सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचंही तेच आहे बरं का, बहुतेक डब्यांवर ३० अंशाच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं अन् आपण त्या टिनाच्या घरात खिडकीत ठेवतो, मग शुगर उलटीसुलटी येते अन् म्हातारी माणसं घाबरतात.

नंतर आलं खरं बायोसेन्सरचं काम. आम्ही सीआरपी घेतलं, अंगात सूज किंवा इन्फेक्शन असलं की रक्तात वाढणारं प्रोटीन, डॉक्टर नेहमीच लिहून देतात म्हणून पोरांना नाव माहीत असतं. पट्टीवर ईडीसी-एनएचएसनं (जोडणाऱ्या रसायनांनी) अँटीबॉडी बसवायची, मोकळी जागा बोवाइन अल्ब्युमिननं (गाईच्या रक्तातल्या प्रोटीननं) भरायची, म्हणजे ब्लॉकिंग करायचं, धुवायची, मग सीआरपीचा थेंब. सीआरपी अँटीबॉडीला चिकटलं की फेरोसायनाइडची वाट अडते अन् शिखर खाली येतं. जेवढं सीआरपी जास्त तेवढं शिखर बुटकं. साध्या बफरमध्ये (आंबटपणा स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) हे सुंदर चाललं, अगदी मिलिलिटरला नॅनोग्रॅमच्या पातळीपर्यंत पायऱ्या वेगवेगळ्या दिसल्या. अन् हे काय कमी आहे? सीआरपी नॉर्मल माणसात लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत असतं, नॅनोग्रॅममध्ये सांगायचं तर मिलिलिटरला दहा हजारच्या आत. म्हणजे आपली पट्टी गरजेपेक्षा कितीतरी बारीक पाहू शकते.

पण बफर म्हणजे रक्त नाही. माणसाचं रक्त वापरायला एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ती आमच्याकडं नाही म्हणून विकतचं बोवाइन सीरम (गाईच्या रक्ताचा पेशी काढलेला पातळ भाग) घेतलं, दहा पट पातळ केलं. त्यात सीआरपी न टाकताच शिखर एवढं खाली आलं की जणू काही भरपूर सीआरपी आहे! रक्तात लिटरमागं ३५ ते ५० ग्रॅम अल्ब्युमिन असतं, ते येईल तिथं चिकटतं. हार्ट अटॅकसाठी पाहतात त्या ट्रोपोनिनची धोक्याची रेषा लिटरला चौदा-पंधरा नॅनोग्रॅमसारख्या आकड्यात असते, म्हणजे एका ट्रोपोनिनच्या वजनामागं जवळपास तीनशे कोटी वजनाचं अल्ब्युमिन. जिनिंगमधल्या कापसाच्या सगळ्या गाठींतून एक रंगीत धागा शोधायचा, अन् तोही गाठी न फोडता, असं ते काम आहे. ब्लॉकिंग रात्रभर केलं, धुण्याच्या पाण्यात थोडं ट्वीन (साबणासारखं द्रव्य) घातलं तेव्हा फरक पडला, पण बफरमधली सफाई सीरममध्ये काही आली नाही.

आणि म्हणून माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे तो किटसोबतच्या रंगीत पत्रकावर. त्यात लिहिलं आहे की अ‍ॅटोमोलरपर्यंत (फेम्टोमोलरच्याही हजार पट कमी) मोजता येतं. हे गणित मी फळ्यावर पोरांकडूनच करून घेतलं: एक अ‍ॅटोमोलरच्या पन्नास मायक्रोलिटर थेंबात रेणू किती? तीस. फक्त तीस रेणू. ते तीस रेणू थेंबात कुठंही असणार, त्यांनी त्या चार मिलिमीटरच्या ठिपक्यापर्यंत आपोआप यायचं, अन् प्रोटीनच्या रेणूला नुसत्या डिफ्यूजननं एक मिलिमीटर सरकायला दोन-एक तास लागतात. पत्रक म्हणतं दहा मिनिटांत रिझल्ट. मग तो आकडा आला कुठून? तर वरच्या मात्रांवर रेघ काढायची अन् ती खाली लांबवत न्यायची, जिथं एकही रीडिंग घेतलेलं नाही तिथपर्यंत. किट घेताना विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा, हा आकडा बफरमधला का सीरममधला, अन् काहीच न टाकलेल्या कोऱ्या नमुन्याची किती रीडिंग घेतली. उत्तर देताना तो कुठं अडखळतो ते ऐका.

मोठ्या, प्रामाणिक लॅब मात्र हा फरक लपवत नाहीत. २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या एका गटानं कोविडसाठी ग्राफीन ट्रान्झिस्टर केला होता, त्यांनी स्वतःच लिहिलं की बफरमध्ये मिलिलिटरला एक फेम्टोग्रॅमपर्यंत दिसतं अन् स्वॅब ज्या द्रवात ठेवतात त्यात शंभर फेम्टोग्रॅम. सरळ शंभर पटीचा फरक, अन् ते तर रक्तही नव्हतं. ट्रान्झिस्टरवाल्यांची आणखी एक अडचण असते, रक्तात मीठ एवढं की चार्जचा प्रभाव एक नॅनोमीटरही लांब जात नाही अन् अँटीबॉडीच दहाएक नॅनोमीटरची. रेणू येऊन बसला तरी खालच्या ग्राफीनला पत्ता लागत नाही. म्हणून ते लोक बफर शंभर पट पातळ करतात, किंवा अँटीबॉडीऐवजी डीएनएचे आखूड तुकडे वापरतात.

मी या विषयामागं एवढा लागलो त्याचं कारण किट नाही, आमचा भाग आहे. विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) किती आहे हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. एका अक्षराचा खेळ आहे तो, बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये जीएजीच्या जागी जीटीजी, बस. मोठ्या माणसांसाठी झटपट पट्ट्या आहेत, नंतर एचपीएलसीनं (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रानं) पक्कं करतात, २०२३ पासून केंद्राच्या मिशनमध्येही तपासणी चालू आहे. पण नवजात बाळाच्या रक्तात बहुतेक एफ (गर्भातलं) हिमोग्लोबिनच असतं अन् एस (सिकलसेलचं) फार थोडं, त्याच्यामुळं जुनी सोल्युबिलिटी टेस्ट पहिले सहा महिने भरवशाची नसते, अन् नेमकं त्याच काळात निदान झालं तर पेनिसिलीन, लसी हे सगळं वेळेवर चालू करता येतं. थोड्या मात्रेतलं ओळखणं म्हणजे आपल्यासाठी हे आहे. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात कियाना अरान यांच्या गटानं ग्राफीनच्या ट्रान्झिस्टरवर कॅस-नाइन (डीएनएमधला ठराविक तुकडा शोधणारं) प्रोटीन बसवून डीएनए पीसीआरनं न वाढवताच सिकलसेलचं ते एक अक्षर ओळखून दाखवलं. मी तो पेपर पोरांसमोर वाचला. वर्गात ज्यांच्या घरी सिकलसेलचा पेशंट आहे अशी मुलं होती, त्यांचे प्रश्न बाकीच्यांपेक्षा वेगळे होते, "हे आपल्या पीएचसीत केव्हा येईन सर?" याचं तारीख-वार उत्तर माझ्याजवळ नव्हतं, लॅबमधून दवाखान्यात यायला अजून बरीच मजल आहे एवढं खरं ते सांगितलं.

टीबीचंही तसंच. खोकल्यातून बेडका न निघणारी लहान मुलं, म्हातारी माणसं, यांच्यासाठी लघवीतून टीबी ओळखता आला तर केवढं मोठं काम होईल. टीबीच्या जंतूच्या भिंतीतलं लॅम नावाचं द्रव्य लघवीत उतरतं, पण बहुतेक रुग्णांत एवढं थोडं की आत्ताची साधी पट्टी ते पकडत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं ती पट्टी फक्त एचआयव्ही असलेल्यांसाठीच सुचवली आहे. इथं खरंच फेम्टो-पिको मोजणाऱ्या सेन्सरची गरज आहे. सीआरपीला नाही.

अन् म्हणूनच जेव्हा बाजूच्या गावच्या एका मंडळानं सांगितलं की सर तुमचं यंत्र शिबिरात आणा, लोकांचं फुकटात चेक करू, तेव्हा मी साफ नाही म्हटलं. ते रागावले, रागावू द्या. डब्यावरच बारीक अक्षरात लिहिलं आहे, फक्त संशोधनासाठी, निदानासाठी नाही. निदानाच्या किटला आपल्याकडं २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस रूल्सखाली परवाना लागतो, याला तो नाही. शिबिरात एखाद्या बाईला या पट्टीवरून तुमच्या रक्तात अमुक वाढलं आहे असं सांगितलं तर ती उसने पैसे काढून यवतमाळ-नागपूर करत बसेल, अन् ज्याला खरंच त्रास आहे त्याला नॉर्मल सांगितलं तर तो घरीच बसेल. शिबिर घ्यायचंच असेल तर पीएचसीला सांगून सिकलसेलची मंजूर पट्टी वापरा.

विकणाऱ्याच्या सर्व्हिसचं बरं-वाईट दोन्ही आहे. यंत्र उत्तम, अ‍ॅपमधून डेटा एक्सेलमध्ये निघतो, अडलं तर फोनवर नीट समजावून सांगतात, मराठीतही. पण अँटीबॉडी मे महिन्यात पाठवली, पार्सल वाटेत अडकलं, उघडलं तेव्हा आइसपॅकचं कोमट पाणी झालेलं. ती अँटीबॉडी दोन ते आठ अंशात राहायला पाहिजे असते. तक्रार केल्यावर आधी टाळाटाळ झाली, मग फोटो अन् खराब आलेले ग्राफ दोन्ही पाठवले तेव्हा बदलून दिली. अँटीबॉडी दिवाळी ते संक्रांतीच्या मधातच मागवा अन् आली की लगेच छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा, म्हणजे एक खराब झाली तरी सगळी एकदम जात नाही.

एका पट्टीला तीन-साडेतीनशे पडतात अन् अँटीबॉडी बसवलेली पट्टी परत वापरता येत नाही, हा चालू खर्च हिशेबात धरा. नुसत्या फेरोसायनाइडच्या प्रॅक्टिकलला मात्र पट्टी धुऊन कितीतरी वेळा चालते, तिथं तर साधी कार्बनची पट्टीही चालेल, ती निम्म्याहून स्वस्त येते. आम्ही आता पहिल्या वर्षाला कार्बनची अन् शेवटच्या वर्षाला ग्राफीनची असं करून राहिलो.

तापमान लिहायच्या रकान्यासकट पूर्ण प्रॅक्टिकल आम्ही मराठीत लिहून काढलं आहे, सीरमचे खराब आलेले ग्राफही त्यात तसेच ठेवले आहेत. वणी, घाटंजी, राळेगाव, मारेगाव भागातल्या ज्या कॉलेजला पाहिजे असेल त्यांनी मागा, लगेच पाठवतो. अन् पट्ट्यांची ऑर्डर दोन-तीन कॉलेजांनी मिळून टाकली तर कुरिअरचा खर्च वाटला जातो, आमची पुढची ऑर्डर दिवाळीनंतर जाणार आहे.